कूर्म आणि दादाचे ओठ

३ ऑक्टोबर, मंगळवार

वहिनींचा फोन आला तेव्हा मी संगणक सुरू होण्याची वाट पाहत बसलो होतो. आमचा संगणक सुरू करून माणसाने दाढी करावी, आंघोळ उरकावी, कपडे घालून यावं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असतं. मी त्याला कूर्म म्हणतो. आज फोन संपला तरी चक्र फिरतच होतं आणि मला त्याचा राग आला नाही. यावरून फोन कसला होता ते कळावं.

दादाचा आवाज उन्हाळ्यापासून बसलेला होता. आम्ही सगळे त्याला गरम पाणी पी म्हणून सांगत होतो. शेवटी गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन. जीव वाचेल असं डॉक्टर सांगतात. आवाज वाचणार नाही, असंही तेच सांगतात.

दादाने निरोप दिलाय की ऑपरेशन होईपर्यंत आईला काही सांगायचं नाही. मला हे पटलं. मी शाळेत असताना एका तापात आईचे कान गेले. तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ पाहून बोलणं समजून घेते. दादाचं तिला सर्वांत चांगलं कळतं. तो जन्मभर छापखान्याच्या मशिनीपाशी राहिला, तिथे कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात ओठांनीच बोलावं लागतं. माझं तिला सर्वांत कमी कळतं. त्याला कारण माझी मिशी, असा तिचा जुना आरोप आहे. मी वार्ताहर झालो त्या वर्षी ही मिशी ठेवली; ती काढण्यापेक्षा मी आईसाठी एक पाटी आणली. महत्त्वाचं काही असलं की मी तिला पाटीवर लिहून दाखवतो, विरामचिन्हांसह.

जेवताना बायकोला सगळं सांगितलं, अर्थात अगदी हळू आवाजात. तीही कुजबुजतच म्हणाली, "म्हणजे दादा पुन्हा बोलणारच नाहीत?" आई तिच्या समोरच बसली होती. तिला काही कळलं नाही. मात्र तिने ताटातलं तसंच ठेवलं. भूक नाही म्हणाली. या वयात पचन मंदावतं.

४ ऑक्टोबर, बुधवार

दादाचा फोन. खरखर इतकी की पत्र्यावरून कोणी खुर्ची ओढतंय.

"पंडित, पुढच्या गुरुवारी मला अॅडमिट करणार. त्याआधी आईशी एकदा नीट बोलायचंय. समोरासमोर."

"फोनवर दाखवतो की तिला."

"फोनवर तिला माझे ओठ दिसतात का? मागच्या वेळी म्हणाली, तू चिमणीएवढा दिसतोस. तुझ्या त्या मोठ्या पडद्यावर दाखव. आणि त्या कासवाला जरा पळव."

संस्कृत घेऊन शिकलो म्हणून घरात मला पंडित म्हणतात. कूर्म म्हणजे कासव हे मात्र दादाला न सांगता कळलं.

बायको म्हणाली, "नवाच घ्या ना." पण नव्या यंत्रावर माझी सगळी कात्रणं, बातम्या, अक्षरांचे साचे हलवायचे म्हणजे आठवडा जाणार. तेवढा आठवडा आपल्याकडे नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज कूर्माची नाडी पाहिली. आपण न सांगता सुरू होणारे किती प्रोग्राम आत बसले होते. एक छपाईयंत्राचा होता, जे यंत्र आम्ही केव्हाच देऊन टाकलं. एक हवामान सांगणारा, खिडकी शेजारी असताना. सगळे बंद केले. अँटीव्हायरस दोन निघाले. दोन पहारेकरी एकाच दारावर उभे, दिवसभर एकमेकांनाच चोर समजून धरत होते. एकाला निरोप दिला.

रॅमला लोक मेमरी म्हणतात. माझ्या मते तो शब्द चुकला. आठवण साठते ती हार्ड डिस्कवर. रॅम म्हणजे अवधान, एका वेळी माणूस किती गोष्टींकडे नीट लक्ष देऊ शकतो ते. कूर्माला स्मरण बक्कळ आहे, अवधान नाही. हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमच्याच जातकुळीतला आहे म्हणायचा."

हार्ड डिस्कवर माझ्या बातम्यांचे खर्डे आहेत. मी प्रत्येक खर्डा जपतो. 'अंतिम', 'अंतिमोत्तर', 'खरोखर अंतिम'. दुपारभर पुसत बसलो. जागा झाली. वेग होता तितकाच राहिला.

८ ऑक्टोबर, रविवार

चाचणी म्हणून दादाला कॉल लावला. आईला सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा आला, दोन शब्द बोलला आणि तसाच राहिला, एक डोळा अर्धा मिटलेला. आवाज तुटत तुटत येत होता. मग आवाजही थांबला. पंखा मात्र आतून असा गरगरत होता की विमान उडणार.

मागे वळून पाहिलं तर आई दारात काठी धरून उभी.

"मफलर का घातलाय त्याने?"

मी पाटी घेतली. 'तिकडे वारा फार सुटला आहे.'

तिने वाचलं, तळहाताने पुसून टाकलं. "बरं," म्हणाली. मग जाता जाता, "वारा गळ्यालाच लागतो वाटतं तिकडे. डोकं उघडं आहे."

वेळ निभावली.

९ ऑक्टोबर, सोमवार

सायकलच्या दुकानाशेजारी संगणकदुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदाराला आम्ही वॉरंटी म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथे जाऊन थांबतं.

"रॅम वाढवून देतो. पण वॉरंटी माझ्याकडे मागू नका."

"नाही मागत. बसेल ना?"

"बसायला काय, बसेल."

घरी आणून पाठ उघडली. आत धुळीचा असा थर होता की त्यात दोडके लावावेत. ब्रशने सगळं साफ केलं. एक रकाना रिकामा होता हे शुभलक्षण. पण नव्या पट्टीची खाच एकीकडे, रकान्याचा दात दुसरीकडे. जोर करू नये एवढं मला कळतं. परत गेलो.

"ही नव्या पिढीची आहे. तुमचा बोर्ड जुना." जणू माझ्या बोर्डानेच त्याला फसवलं होतं.

"जुन्या पिढीची कधी मिळेल?"

"मागवतो. शनिवारी येईल."

"मला गुरुवारी हवीय."

"गुरुवारी येणार नाही. खरं सांगू का, रॅमपेक्षा तुमची हार्ड डिस्क जुनी झालीय. आत तबकडी फिरते, तिच्यावर सुई हिंडते, मग सापडतं. तिच्या जागी एसएसडी टाका. त्यात फिरणारं काही नाहीच. पण सगळं त्यावर हलवायला यंत्र माझ्याकडे ठेवावं लागेल. आणि हलवताना काही बिघडलं तर..."

"वॉरंटी नाही."

"तुम्हीच बोललात."

गुरुवारी कूर्म घरी हवा, मंद का होईना. दुकानात उघडा पडून राहिला तर काय करायचं? धीर झाला नाही. धूळ झाडली होती, तेवढ्यावरच पाठ परत बसवली. पंख्याचा आवाज कमी झाला, एवढंच पुण्य.

दादाचा संदेश: 'कासव कसं आहे?' मी लिहिलं, 'उत्तम.' खोटं बोलायची सवय नसली की शब्द फार कमी लागतात.

११ ऑक्टोबर, बुधवार

मार्ग सापडला. कॉलच्या सेटिंगमध्ये अशी सोय आहे की चित्राचा दर्जा कमी करायचा आणि आवाजाला प्राधान्य द्यायचं. चित्रालाच सगळी ताकद लागते. ते जरा धूसर झालं तरी आवाज तुटणार नाही.

शिवाय कॉल ध्वनिमुद्रित करणारा एक प्रोग्राम टाकला. दादाचा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही. तो साठवून ठेवायलाच हवा. दोन नवे स्पीकरही आणले.

बायको शाळेतून दमून आली. परीक्षेच्या वह्या घेऊन बसली, म्हणून तिला तपशील सांगितला नाही. आईने स्पीकरकडे पाहून विचारलं, "हे कशाला?" मी पाटीवर लिहिलं, 'दादाचा आवाज स्पष्ट यावा म्हणून.' तिने वाचलं.  मग माझ्या हातून पाटी घेऊन बाजूला ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, असं ती मी शाळेत असताना करायची.

मी भारावून गेलो आहे. उद्या सगळं नीट होणार.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सगळं बिनसलं.

आई चष्मा पुसून पडद्यासमोर बसली. दादाने मफलर काढला होता. पहिला शब्द आला तो असा स्वच्छ, की मला वाटलं तो खोलीतच आहे. पण चेहरा म्हणजे नुसते चौकोन. गालाचे चौकोन, कपाळाचे चौकोन, तोंडाच्या जागी एक हलणारा गडद डाग. ध्वनिमुद्रण सुरू होतं. पंखा वाढला. मग चौकोनही थांबले.

आई पुढे वाकली. अजून वाकली. "थिजला," ती म्हणाली.

आवाज मात्र अखंड चालू होता. दादाला तिकडे काही कळत नव्हतं. तो म्हणत होता, "आई, तुझे कान गेले तेव्हा मी आरशासमोर उभा राहून बोलायला शिकलो. रोज. ओठ नीट हलतात का ते बघत. तुला सांगितलं नव्हतं कधी. आठवतं का, तू विचारायचीस, आरशात काय बघतोस?"

"मला कळत नाही रे," आई पडद्याला सांगत होती. "तुझं तोंड दिसत नाही. थांब जरा."

"तू मला ऐकलंस, म्हणून मशिनीच्या खोलीत मला कधी जड गेलं नाही."

मी पाटी ओढली. खडू मोडला. एवढं सगळं कसं लिहायचं? लिहिलं, 'दादा म्हणतो, काळजी करू नकोस.'

तिने वाचलं. "एवढंच? एवढा वेळ बोलतोय."

वहिनींचा आवाज आला, गाडी आलीय, निघायचंय. मी ओरडलो, "दादा, थांब, पुन्हा लाव." कॉल तुटला. पुन्हा लागला नाही.

मुद्रण उत्कृष्ट झालं आहे. एकही अक्षर तुटलेलं नाही. मी ते ऐकलं आणि बंद केलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑपरेशन. दुपारी वहिनींचा फोन: टेबलावरून बाहेर आणलं, शुद्धीवर यायचा आहे. संध्याकाळी पुन्हा फोन: शुद्धीवर आला, सगळं काढलं, बाकी ठीक.

दोन्ही वेळा बायकोने फोन घेतला. आई दिवसभर बायकोच्या तोंडाकडे पाहत बसली होती. वयोमानाने माणसं अशी एकटक पाहत राहतात. दुसऱ्या फोननंतर ती उठून न सांगता जेवायला बसली.

१६ ऑक्टोबर, सोमवार

बायकोने कूर्म उघडून सेटिंग पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे, गणितात चुकलेल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "आवाज कोणासाठी वाढवला होता?"

मी म्हणालो, "आईला दादाचं शेवटचं..."



"तिच्यासाठी चित्र हवं होतं ना हो. तुम्ही चित्र कापून आवाज ठेवलात. वर ते मुद्रण लावलंत, त्याने उरलंसुरलं अवधान खाल्लं."

माझाच शब्द तिने माझ्यावर फेकला. मी इतकी वर्षं लोकांच्या चुका छापतो. ही चूक छापायला कोणी धजणार नाही.

दुपारी कूर्म काखेत मारून वॉरंटीकडे गेलो. जुन्या पिढीची रॅम आली होती. "एसएसडी पण टाक," म्हटलं.

"वॉरंटी..."

"नको."

तो जरा हिरमुसला.

१८ ऑक्टोबर, बुधवार

कूर्म परत आला. बटण दाबलं आणि मी सवयीने दाढीचं सामान काढायला उठलो. वळून पाहतो तर पडदा तयार. माझ्याकडे बघत उभा, काय काम आहे म्हणून. अपमान झाल्यासारखं वाटलं.

मुद्रणाचा प्रोग्राम काढून टाकला. चित्राला प्राधान्य.

पण वहिनींचा फोन चांगला नव्हता. "भाऊजी, हे काही सांगतच नाहीत. हॉस्पिटलने फळा दिलाय लिहायला, तर भिंतीकडे तोंड करतात. ओठ हलवतात, आम्हाला कोणालाच कळत नाही. दोनदा विचारलं की डोळे मिटून घेतात. काल नर्सने जेवणाची नळी धुतली, हे तिच्याकडे पाहून काहीतरी म्हणाले. ती 'हो हो' करून निघून गेली. त्यानंतर यांनी ओठही हलवले नाहीत. डॉक्टर म्हणतात, असं गप्प बसले तर बरं व्हायला वेळ लागेल."

म्हणजे माणूस वाचला आणि आत जाऊन बसला.

आता आईला कसं सांगू? आज पाटीवर लिहायला बसलो. 'दादाचा आवाज' इतकं लिहिलं आणि पुसलं. 'दादाची प्रकृती' लिहिलं. पुसलं. बातमीचा मथळा मला एका दमात सुचतो. आई समोर बसून माझी पाटी बघत होती.

"रविवारी बघू," ती म्हणाली. "रविवारी लाव त्याला."

ऑपरेशनचं तिला काही माहीत नाही, तरी तारखेचा तिने आपणहून आग्रह धरला. योगायोग असतात असे.

२२ ऑक्टोबर, रविवार

लिहितो. सगळं क्रमाने.

कॉल लावला. वहिनींनी दादाच्या पलंगासमोर संगणक धरला होता. चित्र असं आलं की उशीवरची सुरकुती दिसावी. नाकात नळी, गळ्याला पट्टी, दादा कुशीवर, तोंड भिंतीकडे. मी आणि बायको मागे उभे. माझ्या हातात पाटी, तिच्यावर मी सकाळी लिहून ठेवलेलं पूर्ण वाक्य.

आईने मागे न बघता हात मागे केला आणि पाटी बाजूला सारली.

"इकडे बघ," ती पडद्याला म्हणाली. नेहमीच्या, शेजारी ऐकू जाणाऱ्या आवाजात. "अरे ए. इकडे तोंड कर."

दादाने वळून पाहिलं. काही झालं नाही. मग त्याचे ओठ हलले. नुसते ओठ. स्पीकरमधून खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही.  वहिनींनी चेहरा फिरवला.

"ते राहू दे," आई म्हणाली. "दाढी का वाढवलीस एवढी? आजारी माणसाने दाढी करू नये असं आहे का?"

ओठ हलले.

आई हसली. "गळ्याला वस्तरा लावू देत नाहीत होय? बरोबर आहे त्यांचं."

दादाचे डोळे उघडले. म्हणजे उघडेच होते, पण आत्ता उघडले. तो कोपरावर उठला. ओठ भराभर हलू लागले, आणि आई मान हलवत, मध्येच 'हं', मध्येच 'खोटं' म्हणत, त्याच्याशी बोलत होती, जशी नेहमी बोलते. आम्ही तिघं ऐकू येणारे खांबासारखे उभे.

"आई," वहिनी रडत रडत पुढे आल्या, "मला काय म्हणतात ते विचारा ना. रागावलेत माझ्यावर."

आईने दादाकडे पाहिलं. "नाही रागावला. म्हणतो, खिडकी उघड. तीन वेळा सांगितलं म्हणे."

वहिनींनी खिडकी उघडली. खिडकीचा पडदा हलला. दादाने डोळे मिटले, पण या वेळी वाऱ्यासाठी.

मग तो बराच वेळ सावकाश काहीतरी बोलला. आई ऐकत होती. मी ऐकत होती असंच लिहितो, दुसरा शब्द नाही. शेवटी म्हणाली, "आठवतं की. आरशासमोर तासन्‌तास उभा. मला वाटायचं, पोराला नाटकात जायचंय. विचारलं तर सांगायचा नाहीस." आणि तिने पदराने चष्मा पुसला. "इतक्या वर्षांनी सांगतोस, मुलखाचा वेडा."

गुरुवारचं होतं ते. सगळं. पोचलं.

कॉल संपल्यावर मी तिच्या समोर जाऊन बसलो. पाटी घेतली. 'तुला कधीपासून माहीत होतं?'

"सूनबाईने जेवताना सांगितलं तेव्हापासून."

"मी? मी नाही सांगितलं, आई," बायको म्हणाली.

"नवऱ्याला सांगत होतीस, माझ्यासमोर बसून. हळू बोललं म्हणजे ओठ झाकले जातात का गं? फोनवरही सगळं सांगितलंस. तुझ्यामुळे मी त्या शुक्रवारी जेवले."

बायको खाली बसली. मी विचारलं, "आणि मी? मी पण तर..."

पाटीवर लिहायचं राहून गेलं होतं, तोंडानेच विचारलं. आईने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, प्रयत्न करून. मग मान हलवली.

"तुझं मला कुठे कळतं बाळा. तुझं फक्त वाचते."

२३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी कूर्म सुरू केला. तो लगेच सुरू झाला. तरी दाढीचं सामान काढलं.

बायकोने न्हाणीघराच्या दारातून पाहिलं आणि निघून गेली. आरशातला माणूस मला काही परिचयाचा वाटला नाही. मिशी गेलेला वरचा ओठ फिकट, लहान मुलासारखा. एक शब्द आरशाकडे बघून बोलून पाहिला. ओठ जेमतेम हलले. दुसरा बोललो. दादा हे शिकला तेव्हा वय काय असेल त्याचं.

आई खुर्चीत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. सवयीने हात पाटीकडे गेला. तिने पाटी उचलून स्वतःच्या मागे ठेवली.

माझा चेहरा तिने बराच वेळ पाहिला.

"हं," ती म्हणाली. "आता बोल. काय म्हणत होतास इतकी वर्षं?"

 मग ओठ नीट हलवत, एकेक शब्द सुटा करत, मी तिला संगणक आता किती झटपट सुरू होतो ते सांगू लागलो. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.